छत्र्यांच्या घड्या घालणारा दिलदार

कोल्हापूरच्या शाहूपुरीत गादी शिवून घ्यायची असेल तर दिलदार नदाफाकडं टाकू नका, असं त्याचा शेजारी सयाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिलदारच्या तोंडावरच सांगतो. गादी वाईट असते म्हणून नव्हे. नेऊन चार वर्षं लोळलं तरी तिच्यात कुठं गोळा धरत नाही. पण गादीबरोबर आग्र्याच्या विमानतळाचा इतिहास फुकट मिळतो, आणि तो ऐकून घेतल्याशिवाय दिलदार गादी रिक्षात चढवू देत नाही.

सयाजीचं पेंडीचं दुकान आणि दिलदारचं गादी कारखाना म्हणून पाटी लावलेलं दुकान यांच्यात एकच भिंत. अलीकडं सरकीची पोती, पलीकडं कापसाचे गठ्ठे. "एकाच बोंडातली दोघं आम्ही," सयाजी म्हणतो. "बी मी इकतो, कापूस ह्यो इकतोय. फरक एवढाच, माझं गिऱ्हाईक म्हस हाय, ती भाषान ऐकून घेत न्हाय."

दिलदार मूळचा कागलचा. बाप खांद्यावर धनुकली टाकून गल्लोगल्ली कापूस पिंजत फिरायचा. दिलदारनं दाभण हातात धरलं ते मिसरूड फुटायच्या आधी. एकोणिसाव्या वर्षी तो हवाई दलात भरती झाला, तेव्हा कागलच्या चौकात पेढे वाटले गेले. नदाफाचं पोरगं विमान उडवणार म्हणून. उंचीही बरी होती, छातीही भरली होती. मिशी राखली असती तर आणखी शोभला असता. पहिल्या सुट्टीला आला तर पारावर ही गर्दी.

"किती इमानं उडिवलास रं?"

"इमान न्हाय उडवत मी. घड्या घालतो."

"कशाच्या?"

"छत्र्यांच्या. पॅराशूटच्या."

पुढच्यांनी ते मागच्यांना सांगितलं. मग मागनं एक आवाज आला, "खोळींच्या घड्या तर हितं बी घालत हुतास की! त्यासाठी आग्र्याला कशाला जायाचं?"

सगळा पार हसला. एकटा बाप तेवढा खूष झाला. पोरगं सुई-दोऱ्यातच राहिलं, एवढं त्याला पुरेसं होतं.

आता आग्र्याचा तो तळ काय आहे, हे दिलदारकडनं ऐकायचं म्हणजे निदान दोन चहा जातात. थोडक्यात सांगायचं तर तो ओझ्याच्या विमानांचा तळ. लढाऊ विमानं वेगळी, ती बारीक आणि रागीट. ही पोटाळू. यांच्या पोटात जवान, जीप, तांदूळ, औषधं, तंबू, काय लागेल ते घालायचं आणि जिथं रस्ता पोचत नाही तिथं नेऊन टाकायचं. उतरायला जागा असली तर उतरून, नसली तर वरनं छत्रीनं सोडून. दुसऱ्या महायुद्धात तिथं अमेरिकेच्या माणसांचा डेरा होता, स्वातंत्र्य आलं तसा तळ आपल्याकडं आला, आणि विमानातनं छत्री घेऊन उडी मारायला देशभरचे जवान तिथंच शिकू लागले. हे सगळं दिलदार असं सांगतो, की जणू तळाचा पायाच त्यानं खणला.

"एकाहत्तरला बांगलादेशात छत्रीनं उतरली ती माणसं उड्या कुठं शिकली? आमच्याकडं!"

"आमच्याकडं म्हणजे?" भिंतीपलीकडनं सयाजी. "एकाहत्तरला तू पाळण्यात हुतास की मर्दा."

"तळ आमचाच की."

"बरं, फुडं."

"अठ्ठ्याऐंशीला मालदीवच्या राजधानीत बंडखोर घुसलं. तिकडनं निरोप आला, आन् त्याच राती आमचं भलं थोरलं विमान जवान घिऊन आग्र्यावरनं जे निघालं ते समुद्र वलांडून थेट तितंच उतरलं. बंड मोडलं!"

"अठ्ठ्याऐंशीला तू धावीत गणितात गचकला हुतास. कागलच्या शाळेत मी शेजारच्या बाकावर हुतो."

अशा वेळी दिलदार गिऱ्हाइकाकडं वळतो आणि त्याच्या स्वतःच्या काळातलं काढतो. कारगिलच्या वेळी दिवसरात्र भरलेली विमानं. भूजच्या भूकंपात पाठवलेले तंबू आणि डॉक्टर. बर्फात अडकलेल्या चौक्यांना पूर्वी जिवंत बकरी छत्रीला बांधून सोडत, असं त्याला त्याच्या उस्तादांनी सांगितलेलं. हे बकरीचं तो सांगतो तेव्हा मात्र सयाजी पेंडीचं माप खाली ठेवून ऐकतो. बकरी खाली पोचल्यावर चालायची का लटपटायची, हा प्रश्न त्यानं आजवर कितीदा विचारला असेल. दिलदारला उत्तर माहीत नाही. तो खाली कधी नव्हताच. तो विमानातही नव्हता. तो टेबलाशी होता.

ते टेबल लांबच्या लांब. त्यावर छत्री पसरायची, एकेक पाकळी सरळ करायची, दोऱ्या नागमोडी ओवायच्या, दाबून पिशवीत बसवायची. प्रत्येक टप्प्याला दुसरा माणूस येऊन बघणार, मगच पुढचं. शेवटी आपली सही. मग ती मांडणीवर. उडी मारणारा येतो, हाताला लागेल ती पाठीवर घेतो आणि चालू लागतो. वीस वर्षं दिलदारनं हे केलं, आणि एकदाही तक्रार आली नाही. "तक्रार करायला माणूस जित्ता उरला पायजे की," यावर सयाजीचं म्हणणं. पण हे म्हणताना तो आवाज जरा उतरवतो. तेवढी लाज त्याला आहे.

निवृत्त होऊन शाहूपुरीत गाद्या शिवायला बसला, तरी सहीची सवय दिलदारला अजून आहे. गादी शिवून झाली की खोळीच्या आतल्या कोपऱ्यावर पेनानं सही ठोकतो. शाहूपुरीतली निम्मी माणसं त्याच्या सहीवर झोपतात.

स्वतः कधी उडी मारलीस का, असं कुणी विचारलं की मात्र त्याला एकदम कापूस मोजायचा आठवतो.

तर अशा या माणसाची पोरगी नुजहत. उशिरा झालेली, एकुलती एक. आग्र्यातच जन्मली, तळावरच्या क्वार्टरमध्ये रांगली, शाळेला कोल्हापूरला आली. कॉलेजात गेल्यावर एनसीसीत शिरली. दिलदारनं तिच्या बुटांना स्वतः पॉलिश करून दिलं. परेडला सयाजीला ओढत नेलं. आणि दसऱ्याच्या तोंडावर एक दिवस पोरगी दुकानात आली ती धावतच.

"अब्बा! माझी निवड झाली. कॅम्पला. कुठं सांगा?"

"दिल्ली?"

"आग्रा! तुमच्या तळावर!"

दिलदार गादीवरनं उठला. सयाजीला हाक मारली, चहा सांगितला, शेजारच्या चार दुकानांत पोरगी आग्र्याला निघाल्याचं जाहीर केलं. चहा आला, तेव्हा त्यानं विचारलं, "पण कॅम्प कसला गं?"

"उडीचा. छत्री घेऊन विमानातनं उडी मारायची."

दिलदारनं कप खाली ठेवला. "जायाचं न्हाय."

"अब्बा?"

"न्हाय म्हटलं की न्हाय. परेड कर, बंदूक चालव, डोंगर चढ. ती उडी न्हाय."

बापानं संमतीच्या कागदावर सही केल्याशिवाय कॉलेज पाठवणार नव्हतं, आणि शाहूपुरीभर गाद्यांवर सह्या ठोकणाऱ्या बापाची हीच एक सही अडली. नुजहतनं दोन दिवस जेवत नाही असं दाखवलं. आई नजीरा तिला आतल्या खोलीत थालीपीठ नेऊन देत होती, हे दिलदारला कळत होतं. तिसऱ्या दिवशी नजीरानं ताट वाढता वाढता काढलंच.

"बीस बरस लोगां के बच्चे ढकले, तब नै डर लग्या क्या जी? अब अपनी बेटी हाय तो पोट में गोळा?"

"मैं ढकलता नै था. मैं घडी डालता था."

"तो फिर? घडी पे भरोसा नै क्या?"

दिलदारनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच धरून ठेवला. "मेरी घडी पे हाय," तो म्हणाला. "आता तिकडं कोण घालतंय कुणाला ठावं. नवी पोरं. मोबाईल बघत घालत असतील."

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट सयाजीपर्यंत गेली, म्हणजे पेठेत गेली. पेंड न्यायला येणारा प्रत्येक गवळी आता दिलदारच्या दुकानात डोकावून विचारू लागला, "चाचा, गादी तुम्ही सोता शिवलीया न्हवं? दुसऱ्यानं शिवली आसंल तर मी त्यावर झोपणार न्हाय बाबा, उंचावरनं पडलो म्हंजे?" दिलदार शिवत राहायचा. पण त्या आठवड्यात त्यानं शिवलेल्या दोन गाद्यांचे टाके वाकडे गेले, आणि त्यानं ते स्वतःच उसवले.

नुजहतला वाट बघायची सवय नाही. दुपारी बाप नमाजाला गेला की ती दुकानात यायची. सयाजी दारात स्टूल टाकून राखणीला बसायचा. पोरगी गाद्यांच्या थप्पीवर चढायची, वरच्या माळ्याला डोकं लागेपर्यंत, आणि तिथनं खाली अंथरलेल्या सावरीच्या गादीवर उडी टाकायची. उतरताना पाय कसे असावेत हे तिनं मोबाईलवर बघितलं होतं. सयाजीनं ते कुठंच बघितलं नव्हतं, तरी तो तिला सूचना देत होता.

त्या दिवशी दिलदार लवकर परतला. सयाजी त्या क्षणी एका गवळ्याशी सरकीच्या भावावरनं भांडत होता. राखण सुटली. दिलदार दारात आला आणि वर बघतो तो पोरगी थप्पीवरनं हवेत.

"पाय जुळीव!" तो ओरडला. "गुडघं जुळीव! हनवटी छातीला!"

नुजहत धप्पकन पडली, ती पाय फाकूनच.

"ही काय पडायची तऱ्हा? पाय मोडून घ्यायचाय? चढ, परत चढ वर!"

ती चढली. पुन्हा उडी. "आता कुशीवर लोळ. असं. मांडीवरनं, पाठीवर. हां! परत!" मग त्यानं चप्पल काढली, गादीवर उभा राहिला आणि स्वतः लोळण घेऊन दाखवली, नेहमीच्या नमाजाच्या टोपीसकट. बाहेर रस्त्यावर पाच-सहा माणसं जमली होती. दिलदारनं उठून कापूस झटकला, तेव्हा त्याला कळलं, की आपण काय करून बसलो.

सयाजी दारातनं शांतपणे म्हणाला, "मग कुठं करायची सही? पेन देऊ?"

सही झाली. पण एका अटीवर. दिलदार स्वतः आग्र्याला जाणार. आणि दिलदार जाणार म्हटल्यावर सयाजीनं पेंडीचं दुकान भावाच्या हवाली केलं. आयुष्यभर ऐकलेलं गाव एकदा बघून येतो म्हणाला. खरं कारण निराळं होतं, ते त्यानं नजीराला सांगितलं: "वैनी, त्येला एकट्याला सोडला तर ह्यो धावपट्टीवर जाऊन आडवा पडंल."

नुजहत कॅम्पच्या पोरापोरींबरोबर आधीच पुढं गेली होती. हे दोघं मागनं निघाले. दिलदारच्या पिशवीत गुळाची ढेप आणि कांदा-लसूण चटणीचा डबा. हे कशाला, असं सयाजीनं विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं नाही. आग्र्यात उतरल्यावर ताजमहालाकडं न बघता त्यानं थेट तळाचं फाटक गाठलं आणि आत निरोप पाठवला. बऱ्याच वेळानं एक टकलू माणूस बाहेर आला आणि रस्त्यातच दिलदारच्या पायाला हात लावायला वाकला. दिलदारच्या हाताखाली घडी शिकलेला पोरगा तो. आता तो बाकीच्यांच्या घड्या तपासत होता.

गूळ दिला. चटणी दिली. घरच्यांची चौकशी झाली. मग दिलदारनं घसा साफ केला. "बेटा, मेरी लडकी आयी है. एनसीसी में. उसके लिए तू अपने हात का…"

तो माणूस एक पाऊल मागं सरला. गूळ त्यानं तसाच छातीशी धरला होता.

"नाम मत बताइए, उस्ताद."

"अरे, सिर्फ नाम…"

"आप नाम बताएँगे, तो बाकी बच्चों की छतरी मैं किस हाथ से जाँचूँगा?" त्याचा आवाज एवढासा होता. "हाथ में जो आयी, वो उसकी. ये आपने ही सिखाया है."

दिलदारनं रिकाम्या पिशवीची घडी घातली. सयाजीनं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला चहाच्या टपरीकडं वळवला. टपरीवर बसल्यावर तो म्हणाला, "शिकवायला तुला कुणी सांगटलं हुतं रं इतकं नीट?"

दोन दिवस वाऱ्यानं उड्या झाल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे नुजहतचा निरोप आला. शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर उड्या व्हायच्या होत्या. माळाच्या कडेला शेतं, बटाट्याची लावणी चाललेली. आसपासची माणसं कामावर जाता जाता बांधावर थांबून बघत होती. त्यांना ते रोजचंच. सयाजी एका म्हाताऱ्याशेजारी जाऊन बसला.

"क्या पावणं, बटाटा कितने को जाता हाय हिकडं?"

म्हातारा भाव सांगू लागला. दिलदारला काही ऐकू येत नव्हतं. तो बांधावर उभा होता, वर मान करून. विमानाचा आवाज आला, मग ते दिसलं. पहिल्या फेरीला पोटातनं ठिपके सुटले आणि एकामागं एक छत्र्या फुलत गेल्या, सगळ्या एकसारख्या, एका रंगाच्या. दिलदार त्यांच्यात पोरगी शोधायला लागला. ही असेल. नाही, ती जरा बारीक आहे, ती असेल. मग तिसरीच असेल असं वाटलं. खाली यायच्या आधी ठिपक्याला तोंड नसतं. कुठली सोडावी आणि कुठलीसाठी श्वास रोखावा हे कळेना, म्हणून तो सगळ्यांसाठीच रोखून उभा राहिला.

दुसऱ्या फेरीला एक छत्री उघडली ती पिळासकट. वरच्या दोऱ्या एकमेकींत गुंतून दोर झालेला, खालचं माणूस भोवऱ्यासारखं फिरतंय.

"दोऱ्या फाकीव!" दिलदार एवढ्यानं ओरडला, की बटाटे लावणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. "लाथा मार! आरं, उलट्या अंगानं लाथा मार की!"

आग्र्याच्या आभाळात कोल्हापुरी कुणाला कळणार? पण वरच्या माणसाला तेच शिकवलेलं असावं. त्यानं दोन्ही हातांनी दोऱ्या ओढल्या, पाय झाडले. पीळ एक फेर सुटला. मग दुसरा. घुमट फुलला.

दिलदारनं बांधावरच बैठक मारली, आणि पुन्हा लगेच उठला, कारण विमान तिसऱ्या फेरीला वळत होतं.

मागनं कुणीतरी ओरडलं. त्याला ऐकू आलं नाही. मातीनं माखलेला गणवेश, काखेत कोंबलेली छत्री, कोपरावर खरचटलेलं, अशी नुजहत बांधाकडं धावत आली होती. ती पहिल्याच फेरीला उतरली होती. गोळा करून ट्रकात टाकायला चालली होती, तेवढ्यात बापाचा आवाज ओळखला.

"अब्बा! मी उतरले कवाच! अब्बा!"

"आरं लेका, खाली बघ की!" सयाजीनं त्याचा सदरा ओढला. "पोरगी हितं हाय. ज्याच्यासाठी घसा फोडलास तो कुठल्या गावचा कुणाचा पोरगा, अल्लाला ठावं!"

दिलदारनं हात लांबवून चाचपडलं, नुजहतची बाही सापडली, ती मुठीत घट्ट धरली. डोळे वरच.

"बोलू नगासा," तो म्हणाला. "अजून शेवटची फेरी ऱ्हायलीया. ती पोरं उतरू देत."